पॉवर सप्लायचं दावं

आदिलाबादजवळ तामसीकडच्या आमच्या गावात धोंडीबासारखा सौदा करणारा माणूस आजवर झाला नाही, आणि हे मी त्याचा चहा पिऊन सांगत नाही. तो चहा पाजतच नाही. बैलबाजारात तो दलाल होता. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि दलाल एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून आकडा कळवतात. बाहेर उभ्या माणसाला फक्त रुमाल हललेला दिसतो. तर एकदा या धोंडीबानं एका दोन दाती गोऱ्ह्याचा सौदा सुरू केला. समोरचाही तेवढाच हट्टी. सौदा इतका लांबला, इतका लांबला, की बोटं सुटेपर्यंत गोऱ्हा चार दाती झाला, म्हणजे वर्षानं मोठा झाला, आणि भाव पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. गोऱ्ह्याच्या तोंडात मी स्वतः बोट घालून खात्री केली होती. ते बोट अजून वाकडं आहे.

पुढं ट्रॅक्टर आले. बाजारात बैल कमी आणि बैलांच्या आठवणी सांगणारे जास्त झाले. धोंडीबाचा उजवा हात रिकामा पडला, पण त्याची सवय जाईना. वांगी घेताना तो भाजीवालीला रुमालाखाली हात घालायला सांगू लागला, तेव्हापासून विठाबाई, म्हणजे त्याची बायको, भाजी स्वतःच आणते.

अशात त्यांच्या नातीनं, नीलिमानं, घरात जाहीर केलं की तिला गेमिंगचा कॉम्प्युटर पाहिजे, आणि तोही तयार नको. सुटे भाग आणून ती स्वतः जोडणार.

"काऊन व? तयार भेटत नाही का?" विठाबाईनं विचारलं.

"भेटते ना आजी. पण तयार मशीनमधी एक भाग चांगला देतात अन् चार भाग टाकाऊ. वरून लायटिंग लावून महाग विकतात."

धोंडीबानं कान टवकारले. "म्हंजे एक बैल तगडा अन् दुसरा मरतुकडा? अन् झूल घालून जोडी म्हणून विकतात?"

"अगदी तसंच, आबा."

"मंग हे काम माझं हाय," धोंडीबा म्हणाला आणि त्यानं खांद्यावरचा रुमाल झटकला. त्यातून निघालेल्या धुळीनं मला दोन शिंका आल्या. इतक्या वर्षांची धूळ होती ती.

आता नीलिमाला ही घाई कशाची होती, ते सांगतो. ती आदिलाबादला डिग्री करते, आणि कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम असा खेळते की पाहणाऱ्याला वळणावर खुर्ची धरून बसावं लागतं. मागच्या वर्षी आदिलाबादच्या स्पर्धेत ती मैत्रिणीचा लॅपटॉप घेऊन गेली होती. शेवटच्या फेरीत लॅपटॉप तापला आणि तिची गाडी वळणावर अशी थांबली जशी म्हैस रस्त्यात बसते. मागून सगळे निघून गेले. या वर्षी स्पर्धा पुन्हा होती, एका फंक्शन हॉलमध्ये, रविवारी. नियम असा, की आपापलं मशीन घेऊन या. पहिले तिघं नागपूरच्या मोठ्या फेरीत. नीलिमानं घरात एकच वाक्य सांगून ठेवलं होतं: "रविवारी मशीन चाललं पायजे. बाकी मी पाहून घेईन."

ती रोज मोबाइलवर भाव पाहत बसायची. प्रोसेसर आणि मदरबोर्ड ऑनलाइन सेलमध्ये कधी उतरतात याकडे तिचा डोळा. धोंडीबाला हे पटेना.

"ह्यो दुकानदार दिसत नाही, हात देत नाही. भाव कमी कसा करावा त्यानं?"

"आपोआप होते, आबा. वाट पाहा लागते."

"आपोआप भाव मी कधी उतरलेला पाह्यला नाही." ती पाणी प्यायला उठली तेवढ्यात धोंडीबानं मोबाइलवर रुमाल टाकला आणि खालून काचेवर बोटं दाबायला सुरुवात केली. बऱ्याच वेळानं चेहरा उजळला, रुमाल काढला, आणि म्हणाला, "मानला लेकाचा." चार दिवसांनी घरी तीन कुकर आले. विठाबाईनं एक ठेवून घेतला, दोन परत केले, आणि मोबाइल उतरंडीच्या सगळ्यात वरच्या गाडग्यात ठेवायला लागली.

प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम शेवटी नीलिमानंच सेलमध्ये घेतले. उरलं ग्राफिक्स कार्ड. गेममधलं चित्र हेच कार्ड काढतं, आणि सगळ्यात महाग तेच. नवं परवडेना. बासरच्या कॉलेजातला लखन नावाचा मुलगा आपलं जुनं कार्ड विकत होता, म्हणून नीलिमा, धोंडीबा आणि पिशवी धरायला मी, असे आम्ही बासरला गेलो. आधी सरस्वतीचं दर्शन घेतलं. धोंडीबा म्हणाला, मशीन डोक्यानं चालते म्हणता, मंग खातं याच देवीकडं असंल.

लखन कॉलेजबाहेरच्या चहाच्या टपरीवर कार्ड टॉवेलात गुंडाळून बसला होता. कार्ड चांगलं हातभर, त्यावर तीन पंखे.

"दादाजी, एकदम फ्रेश है. गेम के सिवा कुछ नहीं किया इस पे."

धोंडीबानं कार्ड हातात घेतलं, उलटं केलं आणि खालच्या काठावरची सोनेरी पट्टी पाहिली. "दात बरे हाय."

"आबा, ते दात नाही, ते बोर्डात बसते."

"बसते म्हंजे चावतेच ना." मग त्यानं पंख्यांवरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा पडला. "अरे रे रे."

"क्या हुआ?" लखन घाबरला.

"तीन भोवरे हाय बाबू याले. बैलाले अशा जागी केसाचा एक भोवरा असला तं मालक दचकते. ह्याले तीन, अन् तिन्ही एका ओळीत!"

"वो फॅन है, दादाजी. ठंडा रखने के लिए."

"तेच तं म्हणून राह्यलो. घर थंड करते असं जनावर. पार थंड." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "बापूजी, तुमी सांगा. तीन भोवऱ्याचा बैल कोणाच्या घरी टिकला?"

मी मान इतकी हळू आणि इतकी दुःखानं हलवली की टपरीवाल्यानं चहाचे पैसे आधी मागितले.

नीलिमा मात्र यात पडली नाही. तिनं लखनला सरळ त्याच्याच खोलीवर नेऊन कार्ड मशीनमध्ये लावायला सांगितलं, कसलीशी चाचणी सुरू केली आणि आकडे पाहत बसली. धोंडीबा पंख्यांसमोर तळहात धरून उभा राहिला. "श्वास चांगला हाय," तो म्हणाला. चाचणीत कार्ड पास झालं. मग रुमाल टाकला गेला. लखनला वाटलं, आजोबांना आशीर्वाद द्यायचा आहे; त्यानं भाविकपणे हात पुढं केला. रुमालाखाली काय झालं ते देवालाच माहीत, पण लखन तीनदा "अय्यो" म्हणाला, आणि हात बाहेर आल्यावर त्यानं आधी सगळी बोटं मोजली. भाव बराच उतरला होता. नीलिमा खूश, धोंडीबा त्याहून खूश. परतीच्या बसमध्ये त्यानं कार्ड मांडीवर घेतलं आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला त्याच्या पाठीवर थोपटलं.

आता एकच वस्तू राहिली होती, पॉवर सप्लाय. हा लोखंडी डबा सगळ्या मशीनला वीज वाटून देतो.

"म्हंजे वैरण घालणारा," धोंडीबा म्हणाला.

"हो आबा. अन् चांगल्या कंपनीचा पायजे. हलका घेतला तं सगळंच जाते."

तसला डबा नार्नूरला बाबारावकडं असल्याचं कळलं. बाबाराव हा धोंडीबाचा बाजारातला जुना दोस्त, कापूस आणि ज्वारीचा शेतकरी. त्याचा मुलगा रविकांत हैदराबादला नोकरी करतो. त्यानं नवं मशीन घेतलं आणि जुन्यातला हा डबा बापाकडं विकायला ठेवून दिला. नेमकं त्या दिवशी नीलिमाचं प्रॅक्टिकल होतं. तिनं मोबाइलवर डब्याचा फोटो दाखवला, कंपनीचं नाव दाखवलं आणि म्हणाली, "हाच आणा. बस, दुसरं काही पाहू नका."

सगळा घोटाळा इथं झाला, आणि तो तिथल्या तिथं कोणाच्याही लक्षात आला नाही, कारण तिथं आम्ही तिघंही म्हातारे होतो आणि तिघांनाही वाटलं की सगळं रीतीप्रमाणं चाललंय.

तो सौदा पाहण्यासारखा होता. कितीतरी वर्षांनी धोंडीबाच्या हाताला जोडीचा हात मिळाला. दोघं खाटेवर बसले, रुमाल टाकला, डोळे मिटले. बाबारावची बायको कुसुमबाई चहा घेऊन आली, चहा थंड झाला, ती परत घेऊन गेली. भाकऱ्या झाल्या. दोघांनी डाव्या हातानं जेवण केलं, उजवे हात रुमालाखालीच. मधूनच बाबाराव हसायचा, मधूनच धोंडीबा "अबब" म्हणायचा. अंगणातल्या कोंबडीनं तेवढ्यात अंडी घालून, उबवून पिल्लं काढली म्हटलं तर तुम्ही म्हणाल बापूजी थापा मारतो, म्हणून पिल्लांचं मी सांगत नाही. शेवटी दोघांनी एकदम डोळे उघडले. सौदा झाला.

आता आमच्याकडं रीत अशी आहे, की बैल विकला तरी त्याचं दावं विकत नाहीत. विकणारा आपला दोर सोडून घेतो आणि गोठ्यातल्या खुंटीला टांगतो. दावं गेलं तर त्याच्यामागं गोठ्याची बरकत जाते. घेणाऱ्यानं आपला नवा दोर आणायचा असतो. त्या पॉवर सप्लायला काळ्या वायरींचा जाडजूड झुबका लोंबत होता. बाबारावनं एकेक वायर ओढून काढली, डब्यातून त्या सहज निघाल्या, आणि सगळा झुबका नेऊन खुंटीला टांगला, जुन्या दाव्यांच्या शेजारी.

धोंडीबानं समाधानानं मान हलवली. "रीत विसरला नाही गड्या." पिशवीतून त्यानं नायलॉनचा नवाकोरा पिवळा दोर काढला. तो घरूनच आणला होता. डब्याला चौकडी बांधली. कुसुमबाईनं डब्याला हळदकुंकू लावलं, त्याच्यापुढं मूठभर ज्वारी ठेवली आणि डोळे पुसले.

"नीट ठेवा व भाऊ. गरीब हाय. कधी आवाज केला नाही यानं."

शनिवारी सकाळी नीलिमा ओसरीवर सगळे भाग मांडून बसली. धोंडीबा खुर्चीत, मी पायरीवर, विठाबाई दारात. प्रोसेसर बसला, रॅम बसली, तीन भोवऱ्यांचं कार्ड बसलं. मग तिनं डब्याचा पिवळा दोर सोडला, डबा चारी बाजूंनी फिरवला आणि विचारलं, "याच्या वायरी?"

"कोणत्या वायरी?"

"आबा, याच्यातून बोर्डाले, कार्डाले जाणाऱ्या वायरी. मोठा झुबका असते."

"थो होय! थो ठेवला खुंटीले." धोंडीबा हसला. "दावं थोडीच आणते कोणी. म्या नवं लावलं ना." आणि त्यानं पिवळा दोर उचलून दाखवला.

नीलिमानं दोराकडं पाहिलं. मग आजोबाकडं. मग माझ्याकडं. मी ताबडतोब आभाळाकडं पाहिलं, पण आभाळात काहीच नव्हतं.

"आबा, ह्या दोरातून वीज जाते का?"

"मंग आदिलाबादहून दुसरी वायर आण ना व माय. दुकानात वायरीले काय तोटा?"

"नाही चालत! ह्या डब्याच्या वायरी ह्या डब्यालेच चालतात. दुसऱ्या कंपनीची लावली तं तोंड बसते, पण आतले तार वेगळे असतात. बोर्ड जळून जाईन. कार्ड जळून जाईन. तुमचा तीन भोवऱ्याचा बैल राख होईन आबा!" तिचा आवाज चिरकला. "उद्या स्पर्धा हाय."

विठाबाई दारातून म्हणाली, "जिंदगीभर दुसऱ्याच्या बैलाचे दात मोजले. घरच्या पोरीले बिनाशेपटीचं जनावर आणलं."

धोंडीबानं पिवळा दोर गुंडाळून पिशवीत टाकला. तो उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "चाल. नार्नूरले."

आम्ही तिघं निघालो. आदिलाबाद, तिथून उटनूर, तिथून नार्नूर. बस अशी हळू चालली होती की शेजारून जाणाऱ्या बैलबंडीवाल्यानं ड्रायव्हरला विचारलं, सोडून देऊ का कुठं? नीलिमानं डबा आणि बाकी मशीन बरोबर घेतलं होतं, न जाणो.

बाबारावनं ऐकून घेतलं आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

"दावं? धोंडीबा, तू दावं मागून राह्यला? तू?"

धोंडीबाची मान खाली. दलालानं दावं मागणं म्हणजे काय, ते बाजारात वाढलेल्या माणसालाच कळेल. नीलिमा म्हणाली, "आजोबा, ते दावं नाही हो. त्याच्याबिगर मशीन जिवंतच होत नाही."

"असंल पोरी. पण आता ते खुंटीले लागलं. खुंटीले लागलं का दावंच."

कुसुमबाईनं आणखी पक्कं केलं. "रविकांत गेला तवापासून गोठ्यात एक म्हैस अन् ह्या कोंबड्या राह्यल्या. दावं दिलं तं ते बी जातीन."

नीलिमानं थेट रविकांतला फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून रविकांत ओरडला, "बाबा! काय करून राह्यले तुमी? द्या ना ते केबल! त्याच्यात कायची बरकत?"

"तू गप बैस," बाबाराव फोनला म्हणाला. "तू जाताना तुया सायकलची साखळी घेऊन गेला अन् पुढच्याच महिन्यात गाय आटली."

"बाबा, गाय म्हातारी झाली होती!"

"थे तू सांगतं. गायीनं तसं काही सांगितलं नाही." आणि फोन बंद झाला.

नीलिमा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. खुंटीला झुबका लटकलेला, हाताच्या अंतरावर. त्याला कुसुमबाईनं हळद लावली होती. पोरीनं हात लांब केला असता तर वायरी काढून पळता आलं असतं. मी तिला डोळ्यानं तसं सुचवलंही. तिनं मान हलवली. धोंडीबाची नात होती ती शेवटी.

तेव्हा धोंडीबा घसा खाकरून बोलला. "बाबाराव, नवं जनावर घरी रुळलं नाही, वैरणीले तोंड लावत नाही, तं काय करते मालक?"

"काय करते म्हंजे? जुन्या मालकाले बोलावते."

"अन् जुना मालक?"

"येते. आपलं दावं लावते, दोन घडी जवळ बसते, जनावर रुळलं का दावं सोडून घरी आणते."

"दावं देते का थो?"

"देत नाही. हातातच ठेवते."

एवढं बोलून बाबाराव थांबला. त्याच्या लक्षात आलं. नीलिमाच्याही आलं, आणि ती उंबऱ्यावरून उठली. धोंडीबानं रुमाल काढला. बाबाराव हात मागं लपवत म्हणाला, "रुमाल नको बाप्पा, जेवण व्हायचं हाय. येतो मी उद्या. पण हात दाव्यावरून काढणार नाही, सांगून ठेवतो."

रविवारी फंक्शन हॉलमध्ये पंचवीसेक पोरं आपापली मशीनं मांडून बसली होती. प्रत्येकाच्या डब्यातून लाल, निळे, हिरवे दिवे. आमच्या टेबलावर नीलिमा, उजवीकडं धोंडीबा, डावीकडं बाबाराव, आणि मशीनची बाजू उघडी, कारण त्यातून वायरीचा एक वेढा बाहेर काढून बाबारावच्या मुठीत दिलेला होता. वायरीच्या टोकाला प्लास्टिकचा खटका असतो. तो बसला की वायर निघत नाही. नीलिमा खटका लावायला गेली तर बाबारावनं हात धरला.

"खटका नाही. खटका लावला म्हंजे दावं दिल्यासारखं होते. नुसतं टेकव."

"आजोबा, निघून जाईन ना!"

"मी हाय ना धरून."

तिनं देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. मशीन सुरू झालं. तिन्ही भोवरे फिरले, आणि त्यांचा वारा असा आला की शेजारच्या टेबलावरच्या पोराचा भांग उजवीकडून डावीकडं गेला.

त्या पोरानं लगेच तक्रार केली. "सर! स्वतःचं मशीन आणायचा नियम हाय. यांच्या मशीनची वायर दुसऱ्याची हाय. हे आजोबा स्वतः सांगून राह्यले!"

"माझीच हाय," बाबाराव अभिमानानं म्हणाला.

पंच होता धम्मदीप. एरवी तहसीलमध्ये क्लार्क, सुटीच्या दिवशी गेमर. त्याच्यापुढं रोज बांधाचे आणि सामायिक विहिरींचे झगडे येतात, त्यामुळं तो गडबडला नाही. त्यानं टेबलाभोवती फिरून रीतसर मुआयना केला.

"मशीन कोणाचं?"

"माझं," नीलिमा म्हणाली.

"वायर?"

"माझी," बाबाराव म्हणाला. "कब्जा बी माझा."

"तुमी गेम खेळणार का, आजोबा?"

"छ्या! मले वाट माहीत नाही तिथली."

"मालकी मुलीची. वायर वापरायला तोंडी इजाजत. हरकत नामंजूर," धम्मदीप म्हणाला. "पण आजोबा, स्क्रीनकडं पाहून तिला काही सांगायचं नाही."

"मी डोळे मिटून बसतो," बाबाराव म्हणाला, आणि शर्यत सुरू झाल्याबरोबर ते त्यानं जे उघडले ते पापणी न लववता.

नीलिमा आठवी निघाली. पहिल्या वळणाला सातवी, पुढं सहावी. मशीन तापत नव्हतं, अडकत नव्हतं. तिची गाडी अशी पळत होती की समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावरून धूळ उडून पहिल्या रांगेतले लोक डोळे चोळत होते. धोंडीबा ओठ दाबून बसला होता. बाबाराव मात्र खुर्चीच्या कडेवर आला. पाचवी. चौथी. शेवटची फेरी, शेवटचं वळण, पुढं सरळ रस्ता आणि रेघ. वळणातच तिनं तक्रार करणाऱ्या पोराला मागं टाकलं. तिसरी!

"हाण पोरी! हाण! सोड कासरा!" बाबाराव ताडकन उभा राहिला. दोन्ही हात वर. उजव्या हातात वायर.

नीलिमाचा पडदा काळा झाला.

बाबारावनं हातातल्या वायरीकडं पाहिलं, जणू ती कोणी दुसऱ्यानंच त्याच्या हातात ठेवली. धोंडीबानं डोळे मिटले. नीलिमाचे हात बटणांवर तसेच, समोर अंधार.

"अरे, थे पाहा!" कोणीतरी ओरडलं.

बाकीच्यांच्या मशीनवर आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तिची गाडी अजून चालत होती. मशीन तुटलं तरी गेमला ते कळायला दोनचार श्वास लागतात. तोवर गाडी शेवटचा हुकूम पाळत सरळ जात राहते. आत कोणी नाही, चाक कोणाच्या हातात नाही, आणि गाडी आपली रस्त्याच्या मधोमध चाललेली. मागून तो तक्रारवाला जवळ येत होता, अगदी जवळ.

"जाते थे," धोंडीबा डोळे उघडून हळूच म्हणाला. "सरळ रस्ता हाय. बंडीवाला झोपला तरी जनावर घरी जाते."

गाडीचं नाक रेघेवर टेकलं, आणि त्याच क्षणी गाडी पडद्यावरून नाहीशी झाली. तक्रारवाला मागून आला. धम्मदीपनं चित्र मागं नेऊन पाहिलं, पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं.

"नाक रेघेवर हाय," त्यानं निकाल दिला. "नंतर गाडी कुठं गेली हा आपल्या अखत्यारीतला विषय नाही. तिसरा नंबर नीलिमा."

नीलिमा आधी रडली, मग हसली, मग तिनं बाबारावकडं असं पाहिलं की तो दोन पावलं मागं सरकला. धोंडीबानं खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली होती, ती आता सोडली. खुर्चीच्या पाठीवर त्याची पाचही बोटं उमटली होती. फंक्शन हॉलवाल्यानं ती खुर्ची अजून बाजूला ठेवली आहे असं म्हणतात. म्हणजे मी तरी म्हणतो.

बाबारावनं शांतपणे सगळ्या वायरी काढल्या, कोपरापासून अंगठ्यापर्यंत गुंडाळल्या आणि खांद्याला अडकवल्या. "रुळलं जनावर. निघतो मी."

"आजोबा, थांबा! नागपूरले जा लागते आता. पुढची फेरी."

"नागपूर?" बाबाराव विचारात पडला. "म्हंजे रातभर दावं घराबाहेर. कुसुमबाईले विचारा लागन."

तिथूनच फोन लावला. कुसुमबाईनं पलीकडून इतक्या मोठ्यानं उत्तर दिलं की बाबारावनं फोन कानापासून लांब धरला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. दावं रात्रभर बाहेर राहणार असेल तर त्याच्यासोबत ती पण येणार. आणि खिडकीजवळची सीट पाहिजे. हे ऐकून धोंडीबा म्हणाला, मग विठाबाईला सोडून गेलो तर ती मला घरात घेणार नाही. मी फक्त विचारलं की गाडी किती वाजताची आहे.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून स्पर्धावाल्यांचा फोन आला. जेवणाची आणि झोपायची सोय करायची आहे, तुमच्या टीममध्ये प्लेअर किती?

"प्लेअर मी एकटीच," नीलिमा म्हणाली. "बाकी पाच जण पॉवर सप्लाय आहे."